यंदाची जिवती मुरुडातच छापू या

दिव्याची आवस जवळ आली, की बाजारात आघाडा-दुर्वांच्या जुड्यांशेजारी श्रावणात पुजायच्या जिवतीचे कागद येतात. हल्ली ते ऑफसेटवर छापलेले असतात. रंग भडक, चेहरे गुळगुळीत, आणि मुरुडात काय नि मालेगावात काय, चित्र तेच. काही घरांत तर लॅमिनेट केलेली एकच जिवती वर्षानुवर्षं चालते. सोयीचं आहे, नाही कोण म्हणतो?

पण या एका कागदावर किती काय आहे पाहा! वर नरसिंह, मग कालियाच्या फण्यावरचा कृष्ण, मुलं अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. जरा म्हणजे दोन शकलं सांधून जरासंधाला जिवंत करणारी राक्षसीण. लेकरांची राखण तिच्याकडेच सोपवायची, हा आपल्या बायकांचा हिशेब मला फार आवडतो.

पूर्वी घरोघरी हे चित्र गंधाने भिंतीवर काढत. पुढे 1878 साली पुण्यात चित्रशाळा हा छापखाना निघाला, 1894 मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना आला, आणि दगडावरून छापलेले देव स्वस्तात घरात पोचले. पण जिवतीचं एक दुखणं आहे. श्रावण सरला की कागद विसर्जनात जातो, त्यामुळे जुने नमुने कुणाकडे उरतच नाहीत. त्यात 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने इथली छपरंच उडवली. पेट्यांतल्या, माळ्यावरच्या कागदांची काय कथा!

म्हणून मागणी साधी आहे. माळ्यावर, पोथीच्या बासनात, जुन्या देव्हाऱ्यामागे एखादी जिवती सापडली तर ती पाण्यात सोडू नका. चिकटलेली असेल तर ओढून काढू नका, आधी फोटो घ्या. मग कोरड्या कागदात सपाट ठेवा.

आणि चित्रकलेच्या शिक्षकांनो, पोरांच्या हाती लिनोलियमचा तुकडा आणि कोरणी द्या. चित्र उलटं कोरायचं, नाहीतर नरसिंहाचा उजवा हात डावा होतो. रुळाने काळी शाई पसरायची, वर कागद ठेवून पळीच्या पाठीने दाबत घासायचं. कागदाचा कोपरा हळूच उचलला की काळ्या रेघांतून कृष्ण वर येतो. रंग भरायचे तर हाताने भरा. पहिला ठसा फिका, तिसरा डागाळलेला, असू दे. जिवती प्रत्येक घराची वेगळीच हवी.

फक्त आषाढाची वाट पाहू नका. आपल्या खाऱ्या, ओल्या हवेत तेलाची शाई लवकर वाळत नाही. ज्येष्ठातच कोरायला बसा, आणि श्रावणाआधीच्या रविवारी शाळेच्या एखाद्या वर्गात दोरीवर सगळे ठसे टांगा. जुन्या जिवत्यांचे फोटो शेजारी लावा. लोक येऊन पाहतील, पसंत पडेल तो ठसा घरी नेतील. पूजेचं सामान विकणाऱ्या दुकानदारांनीही गठ्ठ्यात दहा कागद या पोरांचे ठेवावेत, आणि पैसे त्यांच्या शाईला द्यावेत.