पुस्तकांची उलटतपासणी

विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी आणि मारुती चितमपल्ली यांचं 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र या पावसाळ्यात पाठोपाठ वाचलं, आणि दोन्ही पुस्तकं मनात भांडू लागली. भांडण वनखात्यावरून. गडचिरोलीतल्या हेमलकशाला आयुष्य काढलेल्या मनोहरांच्या कादंबरीत खाकी कपड्यातला माणूस माडिया आदिवासींच्या गावात येतो तो हक्काने घ्यायला आणि दटावायला. असा अन्याय साठत जातो आणि एका साध्या तरुणाची वाट बंदुकीकडे वळते. चितमपल्लींच्या पुस्तकात त्याच खात्यातला अधिकारी रानातल्या माणसांकडून पाखरांची नावं, झाडांचे गुण, जनावरांच्या सवयी शिकतो आणि वहीत उतरवून घेतो.

यातलं खरं काय? माझ्या मते दोन्ही. आणि म्हणूनच यातलं एकच पुस्तक वाचणारा फसतो. १८ जून २०२५ रोजी चितमपल्ली गेले. त्यांच्या गद्यावर माझं जुनं प्रेम आहे. पण कादंबरी संपवून त्यांच्याकडे वळलो तेव्हा त्यांना वाट दाखवणाऱ्या माणसांकडेच लक्ष जात राहिलं. साहेबांचा मुक्काम हलल्यावर या माणसाच्या घरी काय शिजलं? सरपणाची मोळी आणताना त्याला कुणी अडवलं का? पाखरांच्या घरट्याइतकं ते घर मला दिसलं नाही, आणि ते दिसायला हवं होतं असं आता ठामपणे वाटतं.

हेमलकशाच्याच कामाची गोष्ट सांगणारं डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा' पुन्हा वाचलं. १९७३ साली भामरागडच्या रानात सुरू झालेल्या त्या कामाची सुरुवातीची पानं, लोक दवाखान्याकडे फिरकतही नव्हते तेव्हाची, आजही सगळ्यांत जिवंत आहेत. पुढे कामाचा व्याप वाढतो आणि माझी पकड थोडी सुटते.

डॉ. राणी बंग यांच्या 'गोईण'ने मात्र मला धरूनच ठेवलं. ही स्त्रीरोगतज्ज्ञ मूळची आपल्या चंद्रपूरचीच. गडचिरोलीतल्या बायांचं आजारपण तिने आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडलं. तपासलेल्या दर शंभर बायांमागे ९२ जणींना स्त्रीरोग होते. तीच डॉक्टर इथे आकडे बाजूला ठेवून त्याच मुलखातल्या बायांना झाडांबद्दल बोलतं करते. मोह, तेंदू, पळस, चार ही झाडं आपण सगळेच पाहतो. कोणतं झाड बाळंतिणीच्या कामाचं, कोणतं उपासमारीच्या दिवसांत पोट भरणारं, हे ज्ञान त्या बायांचं. लेखिकेने ते ऐकलं आणि त्यांचं म्हणूनच मांडलं. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचावं. चितमपल्लींबद्दल मला पडलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं: रानाचं ज्ञान सांगणाऱ्या माणसाचं घरही पुस्तकात येऊ शकतं.

उरलेलं अर्धं मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची'मध्ये आहे. धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं छोटं गाव. बहुमताने निर्णय घ्यायचा नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, हा त्यांचा नेम. गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवला, कायदे वाचले आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलंच. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा तो हाती पडला. कादंबरीतल्या तरुणापुढे जे खातं भिंतीसारखं उभं होतं, त्याच्याशी हे गाव कागद हातात घेऊन बोललं. त्यामुळे मला हे पुस्तक कादंबरीपेक्षाही थरारक वाटलं. बोकीलांची भाषा कोरडी आहे असं काही वाचक म्हणतील. मला तो संयम वाटतो.

एवढं वाचूनही एक भूक उरली. या सगळ्या पुस्तकांत लेखणी माडियाच्या किंवा गोंडाच्या हाती नाही. उषाकिरण आत्राम, कुसुम आलाम यांच्या कविता आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. पण एटापल्लीच्या आश्रमशाळेत शिकलेल्या मुलीने लिहिलेलं, पोलीस आणि नक्षलवाद्यांचं दलम या दोघांच्या मध्ये काढलेल्या बालपणाचं जाडजूड गद्य पुस्तक मला वाचायचं आहे. चंद्रपूरला १९७९ आणि २०१२ अशी दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलनं भरली. त्या संमेलनांचे मंडप जिथे उभे राहिले तिथून एटापल्ली फार दूर नाही.

तोवर मेंढ्याची गोष्ट तरी ज्या गावांना वनहक्क मिळाले आहेत त्यांच्या ग्रामसभांत मोठ्याने वाचली जावी. 'प्रकाशवाटा' पुण्यात छापलं गेलं, 'गोष्ट मेंढा गावाची' मुंबईत. त्यांनी उलटा प्रवास करायला हवा, आणि तोही तेंदूपत्त्याचे लिलाव सुरू होण्याआधी, म्हणजे ठेकेदारासमोर बसताना मेंढ्याने हिशेब कसा ठेवला ते लोकांना ठाऊक असेल.