जांघेतील खाज आणि संकोचाची किंमत

जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये एका बुरशीला स्वतंत्र प्रजातीचे नाव दिले. ते नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. त्यातील ‘इंडो’ भारताकडेच बोट दाखवतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि तिकडे ती ठळक बातमी ठरली. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना त्यात नवे काही नव्हते. जांघेतून कमरेवर, पोटावर पसरणारे आणि नेहमीच्या औषधाला दाद न देणारे गजकर्ण ते त्याआधी कित्येक वर्षे पाहत होते. ही बुरशी एवढी माजली कशी, या प्रश्नाचे उत्तर जीवशास्त्राइतकेच संकोचात आणि औषधांच्या बाजारातही दडलेले आहे.

जननेंद्रियांच्या आसपास खाज सुटणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. दमट हवा, घाम, घट्ट कपडे आणि सततचे घर्षण एवढे कारण पुरते. मात्र प्रत्येक खाज सारखी नसते. नवा साबण, जंतुनाशक द्रावण, केस काढण्याचे मलम किंवा सॅनिटरी पॅडमधील घटक यांमुळे होणारा दाह त्या वस्तूचा स्पर्श झाला तेवढ्याच भागावर दिसतो. गजकर्णाला वर्तुळाकार, किंचित उंच व खवले सुटणारी कड असते. ते मांडीच्या आतल्या बाजूने पसरते आणि वृषणाची त्वचा बहुधा वगळते. कँडिडा या बुरशीमुळे त्वचा लालभडक व ओलसर होते, मुख्य चट्ट्याभोवती लहान पुटकुळ्या उठतात. ती वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासणे शहाणपणाचे. रात्री वाढणारी आणि घरातील इतरांनाही छळणारी खाज असेल तर खरजेची शंका घ्यावी. शिश्नाच्या कडेला दिसणारे बारीक, एकसारखे, रांगेतील मोतिया दाणे हा तर रोगच नव्हे.

एवढी विविधता असताना दुकानात हाती पडते ते बहुधा एकच मलम. त्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. त्याचा गुण ताबडतोब दिसतो आणि धोकाही तेथेच आहे. गजकर्णाची बुरशी त्वचेच्या वरच्या थरातील केराटिनवर जगते. लाली आणि खाज ही शरीराने तिच्याविरुद्ध उभारलेल्या प्रतिकाराची खूण असते. स्टेरॉइड तो प्रतिकारच दडपते. खाज थांबते, कड पुसट होते, रुग्ण मलम बंद करतो. बुरशी मात्र निर्धोक वाढत राहते आणि काही दिवसांत दुप्पट जागा व्यापून परतते. कड नाहीशी झाल्याने पुढे डॉक्टरांनाही रोग ओळखणे अवघड जाते. शिवाय ही त्वचा अतिशय शोषक आहे. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात वृषणाच्या त्वचेतून हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत सुमारे ४२ पट आढळले होते. त्यामुळे तीव्र स्टेरॉइडने जांघेतील त्वचा पातळ होते आणि तिच्यावर कायमचे ताणाचे वण उमटतात.

दुसरीकडे बुरशीही बदलली आहे. टर्बिनाफिन हे औषध बुरशीतील स्क्वालिन एपॉक्सिडेज हे विकर रोखते. त्या विकराच्या जनुकातील एका बदलाने ३९७ व्या स्थानी फेनिलअलानिनऐवजी ल्यूसिन येते आणि औषधाची पकड सुटते. अपुऱ्या आणि अर्धवट उपचारांत असेच प्रकार टिकून राहतात.

शासन अगदीच स्वस्थ बसले, असे म्हणता येणार नाही. मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडांची मलमे ‘शेड्युल एच’खाली आणली गेली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री बेकायदा ठरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ संयुक्त औषधांवर बंदी आली. त्यांत अशी काही मलमेही होती. तरीही जांघेला खाज आहे, एवढे हळू आवाजात सांगितले की दुकानदार नळी पुढे करतो. नियम कागदावर आहे, काउंटरवर नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गावात त्वचारोगतज्ज्ञ नाही आणि रोजंदारी बुडवून तालुक्याला जाणे परवडत नाही. मग माणसाने करायचे काय? त्याला उपदेश देऊन भागणार नाही. त्याच्या हाती स्टेरॉइडविरहित, निव्वळ बुरशीनाशक मलम पडेल अशी व्यवस्था हवी. क्लोट्रिमॅझोलसारखी साधी मलमे स्वस्त आहेत. खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणीही साधी आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. अडथळा तंत्राचा नाही, प्राधान्यक्रमाचा आहे.

घरगुती काळजीही अवघड नाही. संशयित साबण वा द्रावण बंद करावे, साध्या पाण्याने धुऊन भाग पूर्ण कोरडा करावा, सैल सुती कपडे वापरावेत, टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगळी ठेवून उन्हात वाळवावीत. निव्वळ दाह असेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पुरतो आणि काही दिवसांत आराम पडतो. बुरशीवरील मलम चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे. आठवडाभरात फरक न पडल्यास, किंवा फोड, व्रण, स्राव, ताप अथवा झपाट्याने वाढणारी सूज व वेदना असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. गर्भवती, मधुमेही आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर मुळीच नको.

शाळेच्या पाठ्यपुस्तकात बुरशी पावावर उगवते. माणसाच्या जांघेत ती उगवते हे तेथे कोणी स्पष्ट लिहीत नाही. जे वर्गात उच्चारता येत नाही, ते दवाखान्यातही उच्चारले जात नाही आणि दुकानातल्या कुजबुजीवर सोपवले जाते. त्या कुजबुजीची किंमत आज जगभरचे रुग्ण मोजत आहेत. शरीराच्या प्रत्येक भागाचे नाव सरळ घेता येणे, हा सार्वजनिक आरोग्याचा पहिला धडा आहे.