मोजणीच्या आधीचा फैसला

जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे चाळताना, काळाने ज्यांना खोटे पाडले अशा मथळ्यांपाशी मी हटकून थबकतो, आणि तो मथळा घटकाभर खरा मानून, त्याच्या हुकमाबरहुकूम पुढचे जग कसकसे चालले असते याची मनातल्या मनात तजवीज लावू लागतो. हा उद्योग मोठ्या करमणुकीचा आहे. मात्र मोठ्या टाइपातल्या त्या एका ओळीवर किती माणसांचे भवितव्य टांगलेले असते, याचा अंदाजही त्यातूनच येतो.

उड्डाणाचे प्रयोग करणाऱ्या लँगली यांचे विमान नदीत कोसळले तेव्हा, 9 ऑक्टोबर 1903 रोजी, ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने न उडणाऱ्या उड्डाणयंत्रांविषयी एक संपादकीय छापून, खरोखर उडणारे यंत्र सिद्ध व्हावयास दहा लाख ते एक कोटी वर्षे लागतील अशी मुदत घालून दिली होती. डेटनच्या दोघा राइट बंधूंनी ती मुदत शिरसावंद्य मानली असती, तर सायकलींच्या दुकानाला कुलूप न लावता ते जन्मभर पंक्चर काढीत राहिले असते, आणि आपण अजूनही बोटीच्या तिकिटासाठी रांगेत उभे असतो. त्यांनी 17 डिसेंबरलाच उड्डाण केले. म्हणजे कोटी वर्षांच्या मुदतीतले सत्तर दिवसही पुरते लागले नाहीत!

तथापि या प्रकारात मानाचे पान निःसंशय 3 नोव्हेंबर 1948 च्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चे. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी आदल्या दिवशी मतदान झाले होते आणि मोजणी चालू होती. गॅलप, क्रॉसली आणि रोपर या तिन्ही अंदाजकारांनी विद्यमान अध्यक्ष ट्रूमन यांच्याऐवजी न्यूयॉर्कचे गव्हर्नर डेवी यांच्या पारड्यात विजय टाकून ठेवला होता; रोपर यांनी तर निकाल उघडच दिसतो म्हणून सप्टेंबरातच चाचण्या आवरत्या घेतल्या होत्या. त्यातच ट्रिब्यूनच्या छापखान्यातील जुळाऱ्यांचा संप वर्षभर चिघळलेला असल्यामुळे मजकूर टंकलेखन यंत्रावर उतरवून त्याचे ठसे करावे लागत, आणि पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा कित्येक तास आधी यंत्रावर चढवणे भाग पडे. हा संप ज्या टाफ्ट-हार्टली कायद्याच्या रोषातून उद्भवला, तो कायदा ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने संमत केलेला होता, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. वॉशिंग्टनच्या जाणत्या वार्ताहराचा शब्द प्रमाण मानून ‘डेवींकडून ट्रूमन पराभूत’ असा पानभर मथळा सजला आणि सुमारे दीड लाख प्रती बाहेर पडल्या. ट्रूमन मात्र त्या रात्री मिसुरीतल्या एका हॉटेलात सँडविच आणि पेलाभर दूध घेऊन लवकर निजले होते. सकाळी 303 निर्वाचक मते त्यांच्या नावावर जमा होती, आणि डेवींच्या नावावर 189.

आता तो मथळा खरा माना. शिकागोतील एखादा उमेदवार पहिली आवृत्ती उशाशी घेऊन निजतो आणि पहाटे उठून नव्या राजवटीत नोकरी मिळावी म्हणून डेवींना अर्ज लिहावयास बसतो. डेवी वाजतगाजत व्हाइट हाउसमध्ये पाऊल टाकतात, तो तेथील तक्तपोशी त्यांच्याखाली करकरू लागते. कारण ती वास्तू तेव्हा इतकी जीर्ण झाली होती की, त्याच वर्षी ट्रूमन यांच्या कन्येच्या पियानोचा पाय जमिनीतून आरपार गेला होता. 1949 च्या ऑक्टोबरात पंडित नेहरू प्रथमच अमेरिकेस गेले, तेव्हा स्वागतासाठी ट्रूमन यांच्या जागी डेवी हात पुढे करून उभे राहतात. येथवर कल्पना मजेने धावते.

परंतु डेवींच्या बरोबर उपाध्यक्षपदासाठी उभे होते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन, आणि त्यांच्या नावापाशी माझी कल्पना एकदम गंभीर होते. मथळा खरा ठरता तर वॉरन सिनेटच्या व्यासपीठावर जाऊन बसले असते, आणि 1953 मध्ये सरन्यायाधीशपदी त्यांची नेमणूक होण्याचा योग बहुधा आलाच नसता. 17 मे 1954 रोजी कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत कोंडणे घटनाबाह्य ठरवणारा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा दिला; त्या नऊजणांना एकमतास आणण्याचे श्रेय मुख्यतः वॉरन यांचे मानले जाते. वेगळ्या सरन्यायाधीशाच्या हातून तो निर्णय आला असता काय, आला असता तरी एकमुखाने आला असता काय, हे कोणी सांगावे? एका पराभूत उमेदवाराच्या सोबत्याने असंख्य बालकांच्या शाळेचे दार उघडले, आणि त्यासाठी त्याचे हरणे आवश्यक होते, हा विचार माझ्या मनातून अद्याप जात नाही.

वृत्तपत्राने मत मांडू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’चा 1897 चा मथळा मताचा होता, प्रश्नाचा होता, आणि तो विचारण्याचे धैर्य ज्याच्या अंगी होते त्या संपादकाने त्याच वर्षी दुसऱ्या लिखाणापायी राजद्रोहाची शिक्षा भोगली, त्या मथळ्यापुढे मी नतमस्तक आहे. बातमीचा मथळा ही मात्र साक्ष आहे, आणि जे घडलेच नाही त्याची साक्ष देण्याचा अधिकार कोणत्याही छापखान्यास नाही. ट्रिब्यूनची ती प्रत सेंट लुईच्या स्थानकावर गाडीच्या मागच्या सज्जातून उंच धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचे छायाचित्र जगभर गाजले. पण त्या हास्यात आपण सामील होतो त्या वेळी आपल्याकडील 2004 च्या लोकसभा निवडणुकीतही अंदाजकारांनी सत्तारूढ आघाडीलाच पुन्हा गादीवर बसवले होते, याचे विस्मरण होऊ देऊ नये.

म्हणून वाचकांस माझी कळकळीची विनंती आहे की, येत्या निवडणुकीत मोजणी संपण्यापूर्वी कोणी विजयाचा मथळा आपल्या हाती ठेवला, तर खालचा मजकूर अक्षरशः वाचावा, मोजलेली मते किती आणि उरलेली किती हा आकडा त्यात शोधावा, आणि तो नसेल तर संपादकांस पत्र लिहून मागावा.