समजून घ्या : ‘तत्काळ’च्या रांगेत माणूस कोण, बॉट कोण?

सकाळी ११ वाजता स्लीपरचे तत्काळ आरक्षण सुरू होते. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई किंवा महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे गाठायचे असेल, तर मोबाइलवर बोटे वेगाने चालवावी लागतात. कॅप्चाची वाकडी अक्षरे ओळखेपर्यंत अनेकदा वेटिंग लागलेले असते.

स्पर्धा कोणाशी?
आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रामशी, म्हणजे बॉटशी. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असतात, असे रेल्वे मंत्रालयानेच जून २०२५ मध्ये सांगितले. अडीच कोटींहून अधिक संशयास्पद युजर आयडी बंद झाले.

मोबाइलवर माणूस कसा ओळखतात?
इथे माउस नाही, पण बोट बरेच काही सांगते. माणूस दर वेळी वेगळ्या जागी टॅप करतो, स्वाइप किंचित वळते, दोन अक्षरांमधला वेळ बदलतो. हातातला फोन टॅपसरशी हलतो आणि सेन्सर ते टिपतो. बॉटचे टॅप बहुधा एकसारखे असतात. काही बॉट तर स्क्रीनला हातच लावत नाहीत, थेट सर्व्हरला विनंती पाठवतात.

मग कॅप्चा कशाला?
हाच खरा प्रश्न आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये गुगलची चित्रांची कोडी एआयकडून १०० टक्के सोडवून घेतली. म्हणजे कोडे बॉटला अडवत नाही. अडतो तो छोट्या स्क्रीनवर डोळे ताणणारा प्रवासी.

आधार ओटीपीने प्रश्न सुटला?
काही अंशी. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली. पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे. पण ‘तुम्ही माणूस आहात का?’ आणि ‘तुम्ही कोण आहात?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधारशी जोडलेला नंबर बंद पडला असेल, तर खराखुरा माणूसही रांगेबाहेर जातो.

काय व्हायला हवे?
माणूसपण सिद्ध करण्याचा भार प्रवाशावर नको. तपासणी पडद्यामागे व्हावी, मात्र स्पर्शाची माहिती तेवढ्यापुरतीच वापरावी. स्क्रीन रीडरवर चालणारा अंध प्रवासी किंवा हात थरथरणारे आजोबा यांचा टॅप वेगळा असतो. संशय आला तर त्यांना थेट बाद न करता दुसरा मार्ग द्यावा. बॉट हरला, पण माणूसही अडला, तर ती यंत्रणा नापासच म्हणावी लागेल.