किल्ली कोणाच्या हाती?

रत्नागिरीत येणारा प्रवासी पतितपावन मंदिरात जातो, लक्ष्मीनारायणाला हात जोडतो आणि पुढच्या स्थळाकडे निघतो. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते या मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली. प्रेरणा स्वातंत्र्यवीर सावरकरांची होती, द्रव्य दानशूर भागोजीशेठ कीर यांचे होते. भंडारी समाजात, गरीब घरी जन्मलेल्या या उद्योजकाने आपली कमाई समाजाच्या पायाशी ठेवली. सर्व जातींच्या हिंदूंनी एकत्र येऊन पूजा करावी यासाठी उभारलेले हे मंदिर म्हणजे रत्नागिरीचे भूषण होय.

परंतु या मंदिराच्या इतिहासात एक शंकाही नोंदलेली आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. १९२९ साली मंदिराचे काम हाती घेतले गेले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बहिष्कृत भारत'ने त्यावर प्रतिकूल मत मांडले होते. अशी स्वतंत्र मंदिरे काही काळाने केवळ अस्पृश्यांचीच मंदिरे होऊन बसतील आणि जुन्या मंदिरांची दारे बंदच राहतील, अशी ती शंका होती. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातील. म्हणजे शंका घेणारा कोणी परका नव्हता.

'ज्यांच्यासाठी एवढे केले, तेच शंका घेतात', असे उद्गार अशा वेळी हमखास ऐकू येतात. न्यायासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांचा खरा रोग या एका वाक्यात आहे. उद्दिष्ट पवित्र असले की संस्थाही आपोआप पवित्र होते, असा एक गोड समज सेवेच्या क्षेत्रात सर्वत्र पसरला आहे. तो भाबडा तर आहेच, शिवाय ज्यांच्या न्यायासाठी संस्था स्थापन झाली त्यांच्याच तोंडावर तो हात ठेवतो. म्हणून तो घातकही आहे.

मानवतेचे ठेकेदार

जगाला समतेचे धडे देणाऱ्या पाश्चात्त्य संस्थांचे उदाहरण ताजे आहे. 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' ही १९७१ साली स्थापन झालेली, १९९९ साली नोबेल शांतता पुरस्काराने गौरविलेली वैद्यकीय संस्था. तिच्या सुमारे एक हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांनी २०२० साली एका निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या आणि ही संस्था रचनेतच वंशभेदी आहे, असा आरोप केला. संस्थेचे बहुसंख्य कर्मचारी ज्या त्या देशातले, स्थानिक. निर्णयाची सूत्रे मात्र युरोपातील कार्यालयांत. साथीच्या आणि युद्धाच्या तोंडी राहणारे एक, धोरण ठरविणारे दुसरे.

'अॅम्नेस्टी इंटरनॅशनल'ची कथा याहून बोलकी आहे. जगातील सरकारांना मानवाधिकारांच्या कसोटीवर गुण देणारी ही संस्था १९७७ साली नोबेल पुरस्काराची मानकरी ठरली. २०२१ साली तिच्या लंडनच्या मुख्य कार्यालयातील कारभाराविषयीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. गौरवर्णीयांना मिळणारे झुकते माप, कृष्णवर्णीय सहकाऱ्यांच्या क्षमतेवर सतत घेतला जाणारा संशय आणि वरिष्ठांच्या तोंडी असलेले वांशिक अपशब्द यांचा पाढाच त्यात वाचलेला आहे. पुढच्याच वर्षी, २०२२ साली, ब्रिटिश संसदेच्या समितीलाही मदतकार्याच्या क्षेत्रातील वंशभेदावर स्वतंत्र अहवाल द्यावा लागला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मराठी समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या आणि तेथेच त्यांनी धर्मांतर केले. ते धर्मांतर योग्य की अयोग्य, हा येथील विषय नाही. पुढे काय झाले, हा विषय आहे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. इंग्रज मुलग्यांनाही त्यांनी शिकवावे, असा विचार निघताच भारतातील अँग्लिकन बिशपांनी त्याला विरोध केला. हिंदुस्थानी स्त्रीने इंग्रज तरुणांच्या गुरुस्थानी बसावे, हे त्यांना रुचेना. जिच्या पांडित्यापुढे कलकत्त्याच्या पंडितांनी मान तुकविली होती, तिने मठात मात्र आज्ञाधारक लेकरू होऊन राहावे अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मानली नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडाखाली मान देणार नाही, असे त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळविले. धर्म स्वीकारला तरी बरोबरी मिळत नाही, हा अनुभव त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घेतला.

आपल्या अंगणात

येथवर वाचून समाधानाने मान डोलावणाऱ्या वाचकाने क्षणभर थांबावे. पाश्चात्त्यांचे ढोंग उघडे पाडणे सोपे असते. त्याला ना धैर्य लागते, ना आत्मपरीक्षण. वंशभेद आणि जातिभेद एक नव्हेत. जातीच्या उत्पत्तीचा वांशिक सिद्धान्त स्वतः बाबासाहेबांनीही नाकारला होता. परंतु अवमान करण्याची रीत दोहोंत सारखीच आहे आणि सेवेच्या वस्त्राखाली ती लपविण्याची युक्तीही सारखीच आहे.

पुणे करारावर २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात स्वाक्षऱ्या झाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा चिटणीस. ठक्करबाप्पांच्या तळमळीविषयी शत्रूही शंका घेणार नाही. नोव्हेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेस जात असता बाबासाहेबांनी बोटीवरून त्यांना सविस्तर पत्र लिहिले. विहिरी, शाळा, गावचा रस्ता येथील नागरी हक्कांसाठी मोहीम काढावी आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातूनच घ्यावेत, असे त्यात सुचविले होते. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. संस्थेच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान द्यावे, या मागणीला गांधीजींचे उत्तर असे की, हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे; ऋण त्यांचे, म्हणून ते फेडण्याची व्यवस्थाही त्यांचीच.

वरवर पाहता हे उत्तर नम्रतेचे वाटते. पण ऋण किती, हप्ता किती आणि फेड कोणत्या रूपाने, हे सारे ऋणकोनेच ठरवायचे आणि धनकोने कृतज्ञतेने पाहत राहायचे, हा हिशेब कोणत्या पेढीवर चालेल? ज्याच्यासाठी संस्था काढली, त्याला संस्थेत खुर्ची नाही. कारण संस्था त्याच्यासाठी आहे! याउलट १९२४ साली मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेकडे पाहावे. सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखे प्रतिष्ठित गृहस्थ तिचे अध्यक्ष होते. व्यवस्थापक मंडळाची धुरा मात्र बाबासाहेबांकडे होती. सहानुभूतीला मानाचे स्थान होते, पण कारभाराची किल्ली ज्याची त्याच्या हाती होती.

हा भेदभाव सहसा शिवीच्या रूपाने येत नाही. तो कामाच्या वाटणीतून येतो. वस्तीत हिंडण्यासाठी, गर्दी जमविण्यासाठी, छायाचित्रात दिसण्यासाठी एक कार्यकर्ता. निधी, धोरण आणि व्यासपीठ यांसाठी दुसरा. एकाची चूक झाली तर ती त्याच्या जातीची किंवा वर्णाची ठरते, दुसऱ्याची चूक झाली तर ती माणसाची असते. एकाला 'तुमच्या समाजातील अडचणी सांगा' म्हणून बोलावतात. पाण्याच्या योजनेवर किंवा शाळेच्या अभ्यासक्रमावर त्याचे मत कोणी विचारीत नाही. आणि त्याने हे बोलून दाखविलेच, तर 'कार्यात फूट पाडू नका' हा उपदेश तयार असतो. गावातला उघड अपमान परवडला, कारण त्याच्याशी लढता येते. आपल्या म्हणविणाऱ्या माणसांनी केलेला अपमान पचवावाही लागतो आणि त्याबद्दल आभारही मानावे लागतात. अशा संस्थांतून माणसे भांडून जात नाहीत. एक दिवस मुकाट्याने यायची थांबतात.

रत्नागिरीचे उत्तर

बहिष्कृत भारतच्या शंकेला रत्नागिरीने काय उत्तर दिले, हे आता पाहिले पाहिजे. १९२४ साली स्थानबद्ध म्हणून आलेल्या सावरकरांनी १९३७ पर्यंतच्या वास्तव्यात मंदिर बांधून हात झटकले नाहीत. महार-चांभारांची मुले शाळेत इतरांबरोबर बसविण्याचे सरकारी आदेश होते; प्रत्यक्षात मुले वेगळी, बाहेर बसत. हिंदुसभेने शाळा पाहून, पाठपुरावा करून तो प्रश्न धसास लावला. दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचा तिळगूळ घेऊन सर्व जातींच्या मंडळींसह घरोघरी जाण्याचा परिपाठ ठेवला. १९३३ साली सर्व हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. तेथे पूर्वास्पृश्याच्या हातचा चहा मिळे आणि भेटीस येणाऱ्याने आधी तो घ्यावा, असा सावरकरांचा आग्रह असे. भाषणाला टाळ्या देणारे पुष्कळ असतात. त्या कपाला ओठ लावणारा खरा, ही त्यामागची परीक्षा होती. आणि मुख्य म्हणजे, पतितपावनच्या विश्वस्त मंडळात पूर्वास्पृश्य समाजाच्या प्रतिनिधीला स्थान देण्यात आले. जो दर्शनाला येणार, तो कारभारातही बसणार, हे कागदावर पक्के करण्यात आले.

१९३३ साली सावरकरांच्या निमंत्रणाला उत्तर देताना बाबासाहेबांनी या कार्याविषयी समाधान व्यक्त केले. पण त्याच पत्रात त्यांनी बजावले की, केवळ अस्पृश्यता जाऊन भागणार नाही, चातुर्वर्ण्य नष्ट झाले पाहिजे. आणि हे ओळखणाऱ्या मोजक्या लोकांत सावरकरांची गणना केली. स्तुतीबरोबर आलेला तो इशारा होता. सावरकरांनी सांगितलेल्या सात बेड्यांपैकी स्पर्शबंदी, रोटीबंदी बऱ्याच सैल झाल्या. बेटीबंदीचे काय झाले, हे कोणत्याही वधू-वर सूचक मंडळाची वही उघडली की कळते.

म्हणूनच पतितपावनच्या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो वारसा स्वतःवर कसोटी म्हणून लावला पाहिजे. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेविषयी कोणतीही पळवाट न ठेवता जो निर्वाळा दिला, त्यालाही आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. तो निर्वाळा पाठ असणारे असंख्य आहेत. प्रश्न पाठांतराचा नाही. सेवावस्तीतील अभ्यासिका, वसतिगृह, आरोग्यकेंद्र, बालवाडी यांच्या कार्यकारिणीची यादी काढावी आणि तीत त्या वस्तीतील किती नावे आहेत, ते मोजावे. कोषाध्यक्ष कोण? धनादेशावर सही कोणाची? शिबिरात भांडी कोण घासतो आणि बौद्धिक कोण देतो? वस्तीत जेवायला गेलेला कार्यकर्ता वस्तीतील सहकाऱ्याला स्वतःच्या घरी, सणावाराला, आपल्या पंगतीत बसवितो का? आणि एखादा सहकारी 'येथे मला वेगळे वागविले जाते' म्हणाला, तर पहिला प्रश्न 'काय घडले?' हा असतो की 'याला कोणी फूस लावली?' हा?

'आमच्यात जात पाहत नाहीत' हे उत्तर पुरेसे नाही. जात न पाहणे ही ज्याला जातीचे चटके बसले नाहीत त्याची सोय असते. ज्याला बसले, त्याला ती दिसतेच. भांड्यात दिसते, बसण्याच्या जागेत दिसते, हाक मारण्याच्या स्वरात दिसते. तो दाखवीत असेल तर पाहणे, हे त्याच्यावर उपकार नव्हेत. संस्था वाचविण्याचा तो एकमेव मार्ग आहे. 'अॅम्नेस्टी'ला आपल्या घरातील अंधार दिसायला साठ वर्षे लागली. तेवढी सवलत हिंदू समाजाला परवडणारी नाही.

पतितपावनचे दार १९३१ साली उघडले. दार उघडणे हे पुण्य खरेच. पण आत येणाऱ्याला पाहुणा म्हणून घेतले की घरचा म्हणून, हे किल्ली कोणाच्या कमरेला आहे त्यावरून ठरते. सेवेच्या प्रत्येक प्रकल्पाने आपापली किल्ली तपासून पाहावी. ती अद्याप एकाच कमरेला असेल, तर बहिष्कृत भारतची शंका अजून जिवंत आहे आणि तिचे उत्तर देणे बाकी आहे.