सही कोणाची?

स्तनाच्या कॅन्सरचे निदान झाले की आपल्या घरांत एक बैठक बसते. चाचा, मामू, थोरले भाई, जावई, सगळे. जिच्या शरीराचा विषय आहे ती बहुधा आत चहा टाकत असते.

माझ्या खालाच्या वेळी हेच झाले. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले होते: गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन, किंवा पूर्ण स्तन काढणे. बैठकीने अर्ध्या तासात ठरवले, पूर्णच काढा, जिवाला धोका नको. हेतू वाईट नव्हता, भीती होती. पण अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांचे २० वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ साली आले. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये दोन्ही मार्गांनी गेलेल्या स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले. स्तन वाचवला तर त्याच जागी गाठ परत येण्याची शक्यता थोडी जास्त, एवढा फरक. गाठ मोठी किंवा अनेक ठिकाणी असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर सांगतात.

खालाने पूर्ण स्तन काढणेच निवडले. कारण मात्र तिचे होते: त्यामुळे तिचे रेडिएशन टळणार होते, आणि रोज तीन तास एसटीने जाणे तिला झेपणारे नव्हते. मग तिने विचारले, "डॉक्टर, नवा करता येतो ना?" घरात एकदम शांतता. या वयात कशाला? अल्लाहने घडवलेल्यात बदल कसा चालेल? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ सालीच आजाराने गेलेला अवयव पूर्ववत करणे आणि निव्वळ नटणे यांत फरक केला आहे. खरे प्रश्न वेगळे असतात. इम्प्लांट बसवायचे की पोटाचे, पाठीचे मांस वापरायचे? इम्प्लांट काही वर्षांनी बदलावे लागू शकते. स्वतःचे मांस घेतले तर ऑपरेशन लांबते, जखमा दोन. पहिल्यासारखी संवेदना बहुधा येत नाही. आणि काहीच न करणे, सपाट छातीने राहणे किंवा ब्रामध्ये कृत्रिम स्तन वापरणे, हाही तितकाच पुरा निर्णय आहे.

माझ्या कामात सर्व्हरवर छोटा बदल टाकायलाही ज्याची सिस्टीम त्याची मंजुरी लागते. कायदाही वेगळे सांगत नाही. समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले, जीव वाचवण्याची तातडी नसेल तर सज्ञान, समजत्या स्त्रीच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही. मग आई असो की नवरा.

तुमच्या घरात इंग्रजी वाचणारे बहुधा तुम्हीच असता. संमतीपत्र सहीआधी अम्मीला, खालाला तिच्या बोलीत पूर्ण वाचून दाखवा. डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे का, हेही तिलाच विचारा, आणि ती हो म्हणाली तर सगळ्यांना घेऊन बाहेर जा.