दान दिलेल्या गाडीचा मालक कोण?

माननीय श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, यांस



मी निवृत्त परिचारिका. नोकरीची शेवटची वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात गेली. तिथल्या पेशंटला आठवड्यातून दोनदा, बहुतेकांना तीनदा यावं लागतं. चार तास मशीनला जोडून राहायचं. उठल्यावर पाय लटपटतात, बीपी खाली आलेलं असतं. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरिबाला मशीनचा खर्च पडत नाही, हे फार मोठं काम झालं. पण गावाहून येण्याजाण्याचं काय? १०८ ची ॲम्ब्युलन्स तातडीच्या पेशंटसाठी, १०२ ची मुख्यतः बाळंतिणीसाठी. डायलिसिसवाला दोन्हीत बसत नाही. तो एसटीने येतो आणि जागा मिळाली नाही तर उभ्याने परत जातो. डायलिसिस चुकवणाऱ्यांना मी कारण विचारायची, तर पुष्कळदा उत्तर एकच यायचं : गाडी मिळाली नाही, सिस्टर.

त्यामुळे आमचे हे गेल्यावर त्यांच्या ऑल्टोचं काय करायचं, याचा मला फार विचार करावा लागला नाही. २०१३ ची गाडी, ७९६ सीसी. ह्यांनी प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की किलोमीटर वहीत लिहून ठेवले होते, इतकी निगुतीने वापरलेली. मुलं परदेशात, मला चालवता येत नाही. एजंट साठ हजार देत होता. मला ती आमच्या जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला पेशंटची ने-आण करणाऱ्या एका संस्थेला द्यायची होती. अशा कामाला हीच गाडी बरी. तिचे पार्ट तालुक्याला मिळतात, कोणताही मेकॅनिक ती झाडाखाली उघडून दुरुस्त करतो, अरुंद गल्लीतून ती थेट पेशंटच्या दारापर्यंत जाते.

ह्यांच्या नावावरून ती माझ्या नावावर फॉर्म ३१ ने आली. मग संस्थेच्या नावावर करण्यासाठी फॉर्म २९ हातात घेतला. त्यात छापलेलं आहे, ‘सोल्ड अँड डिलिव्हर्ड’. विकली आणि ताब्यात दिली. फॉर्म ३० मध्येही विकल्याचंच लिहून द्यायचं. दिली, भेट केली, दान केली, असा शब्द कुठेच नाही. मी पेन हातात धरून बसून राहिले. एक रुपया न घेता दिलेल्या वस्तूखाली ‘विकली’ म्हणून सही करायला हात धजेना. शेवटी केली, कारण दुसरा रस्ता नव्हता.

तरी शब्दांचं दुःख मी बाजूला ठेवलं असतं. खरी अडचण पुढे आली. संस्थेच्या नावावर गाडी करायची तर विश्वस्तांचा ठराव हवा, धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा दाखला हवा, पॅन हवा. माणसाचं काम आधारच्या ओटीपीवर घरबसल्या होतं. संस्थेला आधार कार्ड नसतं. ठरावासाठी सभेची वाट पाहायची. मी मात्र भाबडेपणाने पहिल्याच दिवशी किल्ली देऊन टाकली होती आणि गाडी पेशंट आणू लागली होती.

दहा-बारा दिवसांनी माझ्या वकील भाच्याने विचारलं, “मावशी, आरसी अजून तुझ्याच नावावर आहे ना?” मग त्याने मला सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल समजावून सांगितला. त्यातली गाडी कितीतरी हातांतून पुढे गेली होती. तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आली ती आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव होतं त्याच्यावर. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी फोन करून मी गाडी परत मागवली. दोन महिने ती आमच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. बॅटरी उतरली. ते दोन महिने तिकडचे पेशंट पुन्हा एसटीने जात होते. हे मी केलं, आणि ते मला अजून टोचतं.

मंत्रिमहोदय, यावरचा उपाय आपल्याच मंत्रालयाने तयार केलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आपण मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मालकाने जुनी गाडी अधिकृत डीलरकडे दिली आणि तसं पोर्टलवर कळवलं की त्या क्षणापासून डीलर हाच मानीव मालक. पुढे काही घडलं तर जबाबदारी त्याची. विकणाऱ्याला आपण निर्धास्त केलंत. दान करणाऱ्यालाही तेवढंच संरक्षण द्या, ही माझी विनंती आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेने गाडी स्वीकारल्याचं पोर्टलवर कळवलं की त्याच दिवसापासून ती संस्था मानीव मालक व्हावी. ठराव, कागद, आरसी मागाहून होत राहतील. गाडी तोवर उभी राहणार नाही.

कोणी म्हणेल, खोट्या संस्था निघतील. मग दान मिळालेली गाडी दोन वर्षं विकता येणार नाही, अशी अट घाला. कोणी म्हणेल, भंगारात जाण्याजोग्या गाड्या दानाच्या नावाखाली गरिबांच्या गळ्यात पडतील. ही भीती मला पटते. पेशंट रस्त्यात अडकण्यापेक्षा गाडी न दिलेली बरी. म्हणून ही सवलत पंधरा वर्षांच्या आतल्या, विमा आणि पीयूसी चालू असलेल्या गाड्यांनाच असू द्या. आयकराच्या ८०जी मध्ये वस्तुरूप दानाला सूट नाही, तो विषय अर्थ खात्याचा. मी तो आपल्यापुढे मांडत नाही, आणि मला ती सूट नकोही आहे.

आमची ऑल्टो आता संस्थेच्या नावावर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे पाचला निघते. माझं काम झालं आहे, त्यामुळे हे पत्र माझ्यासाठी नाही. आमच्याच सोसायटीत आणखी दोघांच्या छोट्या गाड्या नुसत्या उभ्या आहेत. ते द्यायला तयार आहेत, पण माझी हकीकत ऐकून थांबलेत. नियमात बदल झाला, तर त्यांना पहिल्यांदा मीच जाऊन सांगेन. माझ्या प्रकरणाचे सगळे कागद मी जपून ठेवलेत. आपण बोलवाल तेव्हा ते घेऊन नागपूरला येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका